आपल्या घराचा नमुना आपणच आखावा

(मंडळींतील शिवणवर्गांसाठीं व ते चालविणाऱ्या उपदेशकांसाठीं एक पाठ)

वाचावयाचा शास्त्रभाग : निर्गम २६:१–६, ३५:२५–३५.

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें भगिनींचे जे शिवणवर्ग चालतात, त्यांतून एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. घराचें चित्र असलेल्या चौकोनांची गोधडी करण्याची इच्छा आहे, तर तिचा छापील नमुना कोठून विकत आणावा? ह्या प्रश्नास आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे कीं, तो विकत आणूंच नये. चौकडीच्या वहीचें एक पान, एक पट्टी व एक पेन्सिल एवढ्या साहित्यावर तो घरीं आखावा. ह्यानें चार पैसे वांचतात हें खरें, परंतु आमचें सांगणें केवळ पैशांसाठीं नाहीं. जी स्त्री आपल्या घराचें माप स्वतः घेऊन तें कागदावर मांडते, तिला दोन गोष्टी मिळतात, एक गोधडी व दुसरी आपल्या बुद्धीवरील विश्वास. ह्यांतील दुसरी गोष्ट कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, आणि आमच्या मंडळ्यांस तिचीच अधिक गरज आहे. म्हणून हा पाठ आम्ही सविस्तर देत आहों.

१. हा नमुना मूळचा कोठला?

कापडाचे तुकडे जोडून घराचें चित्र करावयाचें व तेंच चित्र चौकोनाचौकोनांतून पुनः पुनः आणावयाचें, ही रीत अमेरिका देशांतील आहे. तेथें ह्या चौकोनास 'शाळाघर' असेंहि म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो तेथें फार लोकप्रिय झाला. पांढऱ्या कापडावर तांबडें घर, एक दार, दोनतीन खिडक्या, उतरतें छप्पर आणि छपरावर दोन धुराडीं, असें त्याचें नेहमींचें रूप असे. आरंभीं असे नमुने एका घरांतून दुसऱ्या घरांत उसने जात. शेजारणीचा चौकोन पाहावा, मोजावा व आपला करावा, असा परिपाठ होता. पुढें १८८९ सालीं सेंट लुई शहरांत लेडीज आर्ट कंपनी निघाली व ती टपालानें नमुने विकूं लागली. १९२८ पासून कॅन्सस सिटी स्टार ह्या वृत्तपत्रानेंहि असे नमुने छापण्यास आरंभ केला. त्यामुळें पुष्कळांची सोय झाली. परंतु जी विद्या पूर्वी शेजारणीजवळ बसून शिकावी लागे, ती पुडक्यांत बांधून येऊं लागली, तेव्हां मोजण्याचें काम हळूहळू विकणाऱ्याकडे गेलें, आणि कापण्याचें तेवढें घेणारीकडे राहिलें.

गोधडी ही आम्हांस नवी नाहीं. जुनीं लुगडीं व धोतरें ह्यांचे थर एकावर एक घालून, कडेपासून आंत धावदोरा घालीत आमच्या आज्यांनीं गोधड्या शिवल्या. त्यांस कोणी छापील कागद दिला नव्हता. वीत, बोटें व डोळा हींच त्यांचीं मापें होतीं. तेव्हां नमुना स्वतः योजणें ही परदेशांतून आणलेली कल्पना आहे असें कोणी समजूं नये. घराचा चौकोन तिकडला आहे, पण योजण्याची बुद्धि आमच्याहि घरांत पिढ्यान् पिढ्या नांदत आलेली आहे.

आतां परदेशी नमुना जसाच्या तसा उचलला तर काय होतें तें पाहा. त्या देशांत थंडी कडक. घर उबदार ठेवण्यास भिंतीत आगटी व तिचा धूर जाण्यास छपरावर धुराडें लागतें, म्हणून तेथील स्त्रियांनीं आपल्या चौकोनांत धुराडें काढिलें. त्यांनीं जें पाहिलें तें शिवलें, ह्यांत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. परंतु सोलापूर व बीड ह्या बाजूच्या धाब्याच्या घरावर धुराडें कोठें आहे? कोंकणांतील कौलारू घरावर तें कोठें आहे? विकतच्या कागदाबरहुकूम शिवलेली गोधडी सुबक होईल, पण ती पांघरणारें लेंकरू आईला विचारील, 'हें घर कोणाचें?' आणि आईला सांगावें लागेल कीं, तें आपलें नव्हे.

२. शास्त्रांतील नमुना

येथें कोणी उपदेशक अशी शंका काढील कीं, मोशेला पर्वतावर नमुना दाखविण्यांत आला व त्याप्रमाणेंच सर्व करण्याची त्याला आज्ञा झाली (निर्गम २५:४०). मग आपण आपल्या मनाचा नमुना करावा, हें योग्य आहे काय?

शंका चांगली आहे. तिचें उत्तर २६व्या अध्यायांत आहे. देवानें मोशेला कापून तयार केलेलें कापड दिलें नाहीं, तर माप दिलें. दहा पडदे, प्रत्येक २८ हात लांब व ४ हात रुंद, सगळ्यांचें माप एकच, पांच पडदे एकमेकांस जोडावयाचे व दुसरे पांच एकमेकांस जोडावयाचे, आणि हे दोन भाग एकत्र येण्यास प्रत्येकाच्या कडेस ५० बिरडीं. शिवणवर्गांत बसणाऱ्या भगिनींना हा अध्याय कधीं कंटाळवाणा वाटला असेल तर त्यांनीं तो सुई हातांत घेऊन पुनः वाचावा. तुकडे, त्यांचें माप, जोडण्याचा क्रम व कडांची व्यवस्था, हेंच सर्व त्यांत आहे.

पुढें ३५व्या अध्यायांत सूत कातणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे, व त्यांच्या मागोमाग बसालेल व अहलियाब ह्यांचा. ह्या दोघांस हातांचें कसब मिळालें, इतकेंच तेथें सांगितलेलें नाहीं. कसबाचीं कामें योजण्याची बुद्धि त्यांस मिळाली, आणि ती दुसऱ्यास शिकविण्याची प्रेरणाहि मिळाली. योजणें हें देवाच्या आत्म्याचें दान आहे असें ज्या शास्त्रांत लिहिलें आहे, तें वाचणाऱ्या मंडळीनें योजण्याचें काम नेहमीं परक्यावर कां टाकावें?

निवासमंडपाचा नमुना देवानें ठरविला, कारण तें घर त्याचें होतें. आमच्या घरांविषयीं त्यानें तसें केलें नाहीं. नवें घर बांधशील तेव्हां धाब्यास कठडा घाल, म्हणजे कोणी पडून मरणार नाहीं, अशा अर्थाची आज्ञा अनुवाद २२:८ येथें आहे. पण खिडक्या किती असाव्या, दार कोणीकडे असावें, हें तेथें सांगितलेलें नाहीं. तें आमच्या विवेकावर सोंपविलेलें आहे.

३. आखणी

आमच्याकडे घर केवढें आहे हें सांगतांना तें 'इतक्या खणांचें' असें सांगतात. तोच शब्द येथें घेऊं. चौकडीच्या वहींतील एक चौकट म्हणजे एक खण, आणि एक खण म्हणजे कापडावरील एक इंच. जिला अक्षरओळख नाहीं तिलाहि खण मोजतां येतात, म्हणून ह्या पाठांतून कोणीहि वगळली जाऊं नये.

प्रथम १२ खण रुंद व १२ खण उंच असा मोठा चौकोन आखावा. त्याचे वरून खालीं चार आडवे पट्टे करावे. पहिला आकाशाचा, २ खण उंच. दुसरा छपराचा, ३ खण. तिसरा भिंतीचा, ६ खण. चौथा जोत्याचा, १ खण. बेरीज १२ आली पाहिजे. ती आली नाहीं तर पुढें जाऊं नये.

छपराच्या पट्ट्यांत मधोमध ६ खण रुंद व ३ खण उंच असा काटकोन चौकोन आखावा. त्याच्या दोन्ही बाजूंस ३ खणांचा एकेक चौरस उरेल. प्रत्येक चौरसांत छपराच्या वरच्या टोंकापासून बाहेरच्या खालच्या कोंपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढावी. रेघेच्या आंतला त्रिकोण छपराचा, बाहेरचा आकाशाचा. झालें उतरतें छप्पर.

भिंतीच्या पट्ट्याचे उभे भाग डावीकडून असे करावे : आकाश १ खण, भिंत १, खिडकी २, भिंत १, दार २, भिंत १, खिडकी २, भिंत १, आकाश १. एकूण उभे भाग नऊ, आणि रुंदीची बेरीज पुनः १२. खिडकीच्या भागांत वर २ खण भिंत, मग २ खण खिडकी, मग खालीं २ खण भिंत. दाराच्या भागांत वर १ खण भिंत व खालीं ५ खण दार. आतां सर्व तुकडे मोजावे. आकाशाचा पट्टा १, छपराच्या पट्ट्यांत ५, भिंतीच्या पट्ट्यांत १४, जोतें १, मिळून २१.

तुमच्या घराचें दार मधोमध नसेल, एका कडेस असेल, तर तें कडेस न्यावें. खिडकी एकच असेल तर एकच काढावी. दुसऱ्या खिडकीच्या जागीं भिंत येईल. नियम एवढाच कीं, प्रत्येक पट्ट्याची आडवी बेरीज १२ व सर्व पट्ट्यांची उभी बेरीज १२ यावी. बेरीज बरोबर असली म्हणजे घर कसेंहि फिरविलें तरी चौकोन मोडत नाहीं. हें एकदां कळलें कीं नमुना विकणाऱ्याचें मुख्य गुपित तुमच्या हातीं आलें असें समजावें.

४. माया

कागदावरील माप हें शिवून झाल्यानंतरचें माप आहे. शिवणींत कांहीं कापड आंत जातें, म्हणून कापतांना चारी बाजूंस थोडें अधिक ठेवावें लागतें. आमचे शिंपी ह्या अधिक कापडास माया म्हणतात. ह्या कामांत प्रत्येक बाजूस २ सूत, म्हणजे पाव इंच, माया सोडावी. दोन्ही बाजूंची मिळून अर्धा इंच होते. म्हणून २ इंचांची खिडकी अडीच इंच लांबरुंद कापावी. दार अडीच इंच रुंद व साडेपांच इंच उंच. छपराचा मधला तुकडा साडेसहा इंच रुंद व साडेतीन इंच उंच. जोतें साडेबारा इंच लांब व दीड इंच रुंद. ह्याच रीतीनें बाकीचे तुकडे.

त्रिकोणास मात्र अर्धा इंच पुरत नाहीं. तिरप्या बाजूलाहि माया लागते, व ती कोंपऱ्यांतून अधिक कापड खाते. ३ इंचांचा चौरस दोन त्रिकोणांचा करावयाचा असेल तर ३ इंच ७ सूत मापाचे चौरस कापून ते कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत दुभागावे. छपराच्या कापडाच्या एका चौरसांतून दोन्हीकडचे छपराचे त्रिकोण निघतात, व आकाशाच्या कापडाच्या एका चौरसांतून आकाशाचे दोन. परंतु ७ सूत हा आंकडा पाठ करण्याची गरज नाहीं. पुठ्ठ्यावर त्रिकोण खऱ्या मापाचा काढावा, त्याच्या तिन्ही बाजूंस २ सूत अंतरावर बाहेरून रेघा ओढाव्या, आणि त्या रेघांवर पुठ्ठा कापावा. किती कापड लागतें हें आखणीच सांगेल. जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा ह्या कामास उत्तम.

कोंपरे काटकोनांत आहेत कीं नाहींत हें पाहण्यास गवंड्याची रीत वापरावी. कोंपऱ्यापासून एका कडेवर ३ इंचांची व दुसऱ्या कडेवर ४ इंचांची खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ इंच भरलें तर कोंपरा खरा.

शिवण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींस जोडाव्या. जोडून झाल्यावर एकंदर रुंदी साडेतीन इंच व मधली पट्टी बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया अधिक घेतली जात आहे. 'अर्ध्या सुतानें काय बिघडतें?' असें पुष्कळ जणी म्हणतात. हिशेब करून पाहा. भिंतीच्या पट्ट्यांत नऊ भाग, म्हणजे आठ शिवणी. प्रत्येक शिवणींत दोन्ही तुकड्यांचें अर्धें अर्धें सूत अधिक गेलें, म्हणजे एक सूत. आठ शिवणींचीं आठ सुतें, म्हणजे पूर्ण एक इंच. भिंत एक इंच अपुरी आणि छप्पर पुरें, अशीं हीं दोन एकमेकांस जुळणार कशीं? थोडक्यांत जो विश्वासू असतो तो पुष्कळांतहि विश्वासू असतो, हें प्रभूनें शिकविलें (लूक १६:१०). शिवणीच्या दोऱ्यावर हा धडा जसा उघड दिसतो, तसा क्वचितच दुसरीकडे दिसतो.

जोडण्याचा क्रम असा. प्रथम दोन्ही खिडक्यांचे उभे भाग व दाराचा उभा भाग तयार करावा. मग नऊ भाग ओळीनें जोडून भिंतीचा पट्टा करावा. नंतर चार त्रिकोणांचे दोन चौरस करून ते छपराच्या मधल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंस लावावे. शेवटीं चारी पट्टे वरून खालीं जोडावे. प्रत्येक शिवण झाल्यावर ती गडद कापडाच्या बाजूस वळवून इस्त्रीनें किंवा नखानें दाबावी. चौकोन चहूंकडून साडेबारा इंच भरला म्हणजे काम साधलें. पुढें तो शेजारच्या कापडास जोडतांना उरलेली माया आंत जाऊन बारा इंच राहील. कापड जुनें चालेल, पण तें धुऊन घ्यावें, व विरलेला भाग टाकून द्यावा.

५. ज्याचें त्याचें घर

येथवरचें घर उतरत्या छपराचें झालें. धाब्याचें घर असेल तर आखणी अधिक सोपी होते. आकाश ४ खण उंच, कठडा १ खण, भिंत ६, जोतें १, बेरीज १२. त्रिकोण एकहि नाहीं, तुकडे केवळ १७. पत्र्याच्या घरास एकाच बाजूस उतार असेल तर एकच तिरपी रेघ पुरे. आपलें घर रस्त्यावरून कसें दिसतें हें उभें राहून पाहावें व तसें काढावें.

परंतु कोणी भगिनी हळूच म्हणेल, 'आमचें घर काढण्यासारखें आहे कोठें?' ऊसतोडीच्या हंगामांत महिनेन् महिने पाचटाच्या कोपींत राहणारीं कुटुंबें मराठवाड्यांतील मंडळ्यांमध्येंहि आहेत. त्यांच्या हातीं शहरी बंगल्याचा छापील नमुना द्यावा आणि 'हें घर शिवा' म्हणावें, ह्यांत त्यांच्या अंतःकरणाला काय सांगितलें जातें, ह्याचा उपदेशकांनीं विचार करावा. कोपीहि खणांत बसते. आकाश २ खण, कोपी ९, जमीन १, बेरीज १२. कोपीच्या पट्ट्याचे ६ खण रुंद व ९ खण उंच असे दोन भाग करावे. वरच्या मध्यापासून खालच्या दोन्ही कोंपऱ्यांपर्यंत तिरप्या रेघा ओढाव्या. दार २ खण रुंद व ४ खण उंच काढून, कडा आंत दुमडून, ठिगळ लावतात तसें वरून टांचावें. त्याची खालची कड मात्र जमिनीच्या शिवणींत जाऊं द्यावी. तुकडे केवळ सात. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. येथें ७ सुतांचा आंकडा चालणार नाहीं, कारण हा त्रिकोण चौरसाचा अर्धा नाहीं. तसेंच डावा त्रिकोण उजवीकडे बसणार नाहीं. छापील कापड असेल तर एका बाजूसाठीं पुठ्ठा उलटा ठेवून कापावें. पाठ केलेला आंकडा एका नमुन्यापुरता असतो, आखण्याची रीत सर्व घरांस पुरते, हें येथें प्रत्यक्ष दिसून येईल.

आमच्या प्रभूला ह्या जगांत मस्तक टेंकण्यास स्वतःचें ठिकाण नव्हतें. त्याच्या मंडळींत कोपीच्या चित्राची लाज वाटण्याचें कारण नाहीं. कोपींत राहावें लागणें ही गोष्ट चांगली आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तीं कुटुंबें सुधारलेल्या घरांत जावीं ह्यासाठीं मंडळीनें झटलें पाहिजे. पण जें आज आहे तें लपविल्यानें तें बदलत नाहीं.

६. अलाबामांतील भगिनी

ह्या बाबतींत अमेरिकेंतीलच एक उदाहरण घेण्यासारखें आहे. अलाबामा संस्थानांत विलकॉक्स परगण्यांत नदीच्या एका मोठ्या वळणांत जीज बेंड नांवाचें खेडें आहे. कापसाच्या मळ्यावर ज्यांना गुलाम म्हणून राबविलें, त्यांचे वंशज तेथें राहतात. मंडळींत एकत्र गाणाऱ्या व प्रार्थना करणाऱ्या ह्या गरीब स्त्रियांनीं शेतांत वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. त्यांचा एक आवडता प्रकार 'हाउसटॉप', म्हणजे घराचें छप्पर, हा होय. मध्यें एक तुकडा घ्यावयाचा व त्याच्याभोंवतीं चारी बाजूंनीं पट्ट्यांवर पट्ट्या वाढवीत जावयाच्या. रीत एक, पण प्रत्येकीची गोधडी निराळी, कारण नमुना विकतचा नव्हता, व हातांत येईल त्या कापडावर ती पुढें कोठें वळेल हें जिची तिला ठरवावें लागे.

१९६६ सालीं त्या भागांतील स्त्रियांचा फ्रीडम क्विल्टिंग बी नांवाचा सहकारी संघ स्थापन झाला. १९७२ सालीं त्यास सीअर्स ह्या मोठ्या दुकानाकडून उशांचे अभ्रे शिवण्याचें काम मिळालें. तें काम ठरलेल्या मापाचें व एकसारखें करावें लागे. त्याची मजुरी मिळे, व प्रामाणिक मजुरींत कमीपणा नाहीं. परंतु त्याच कामांतून उरलेले जाड कापडाचे तुकडे स्त्रियांनीं घरीं नेले आणि त्यांच्या आपल्या मनाच्या गोधड्या केल्या. पुढें २००२ सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या मांडण्यांत आल्या, व २००६ सालीं त्या देशाच्या टपाल खात्यानें त्यांचीं चित्रें तिकिटांवर छापिलीं. लोक जें पाहावयास आले, तें ठरलेल्या मापाचे अभ्रे नव्हते, तर बिनछापील नमुन्याच्या गोधड्या होत्या.

तथापि संग्रहालय हें आमचें ध्येय नव्हे. त्या स्त्रियांनीं गोधड्या केल्या त्या थंडींत लेंकरें निजावीं म्हणून. आम्हीहि त्याचसाठीं कराव्या.

७. विकत घेणें पाप आहे काय?

नाहीं. ज्यानें श्रम करून नमुना तयार केला तो आपल्या मोबदल्यास पात्र आहे, व नवशिक्या बाईला चांगल्या नमुन्यावरून पुष्कळ शिकतांहि येतें. आमचा आक्षेप दोन गोष्टींस आहे. एक, जन्मभर विकतच घेत राहणें व स्वतः कधीं न मोजणें. दुसरी, एक प्रत विकत घेऊन तिच्या वीस नकला वर्गांत वांटणें. हा दुसरा प्रकार 'मंडळीचें काम आहे' ह्या सबबीखालीं चालतो, पण मंडळीच्या कामासाठीं दुसऱ्याच्या श्रमाची मजुरी बुडविण्याची मोकळीक कोणासहि नाहीं. शाळाघराचा जुना चौकोन मात्र कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. तो शेजारणींनीं शेजारणींस दिलेला आहे. तो पाहून स्वतःच्या मापानें स्वतःचें घर आखणें ह्यांत कोणाचेंहि कांहीं घेतलें जात नाहीं. असें केल्यानें खर्चाचा प्रश्न व सचोटीचा प्रश्न, दोन्ही एकदमच सुटतात.

८. मंडळीची गोधडी

वर्गानें एकत्र काम करावयाचें असेल तर आमची सूचना अशी आहे. वीस घरांनीं वीस चौकोन करावे. ओळींत ४ व उभ्या रांगेंत ५ असे ते मांडावे, आणि मध्यें व कडेनें २ इंचांच्या पट्ट्या घालाव्या. त्या अडीच इंच रुंद कापाव्या. रुंदी ५८ इंच व लांबी ७२ इंच, म्हणजे चार हात, भरेल. खालीं जुन्या लुगड्यांचे थर घालून नेहमींसारखा धावदोरा घालावा. गोधडी झाल्यावर ती मंडळींतील ज्या घरीं आजारी किंवा वृद्ध मनुष्य असेल तेथें द्यावी. दुर्कस ही भगिनी गेली तेव्हां विधवांनीं तिनें केलेले कपडे दाखविले (प्रेषितांचीं कृत्यें ९:३९). तिच्याविषयीं साक्ष देण्यास तेंच त्यांना पुरेसें वाटलें.

अशा गोधडींत एक घर कौलारू, एक धाब्याचें, एक पत्र्याचें, एक कोपी असें येईल. आंतून कोणतेंहि दोन सारखे नसतील, पण प्रत्येकाचें बाहेरचें माप साडेबारा इंच असलेंच पाहिजे, नाहीं तर कोणीहि कोणाशीं जुळणार नाहीं. मंडळीहि अशीच असते. देवाचें वचन हें सर्वांस एकच माप आहे. त्या मापाच्या आंत प्रत्येक घराचें दार आपापल्या ठिकाणीं असावयास हरकत नाहीं. ज्या घराचें दार आपल्या घरासारखें नाहीं तें मापांत नाहीं, असें म्हणण्याची घाई आपण पुष्कळ वेळां करतों.

उपदेशकांस शेवटची विनंति. वर्ग चार बैठकींचा करावा. पहिल्या बैठकींत शास्त्रभाग वाचून प्रत्येकीनें आपलें घर पाहून यावें, दुसरींत आखणी, तिसरींत पुठ्ठे व कापणी, चौथींत जोडणी. आखणीच्या दिवशीं कोणाची रेघ वांकडी जाईल, कोणाची बेरीज तेरा होईल. अशा वेळीं पेन्सिल आपल्या हातांत घेऊन तिचें घर काढून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. 'पुनः मोजा, बाई' एवढेंच म्हणावें व थांबावें. तुम्ही काढून दिलेलें घर सुबक होईल, पण तोहि एक आयता नमुनाच ठरेल.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. देवानें मोशेला माप दिलें व काम लोकांच्या हातीं सोंपविलें, ह्यांत देवाचा लोकांवरील कोणता भरंवसा दिसतो?

२. तुमच्या घराच्या चित्रांतील कोणती गोष्ट दाखविण्यास तुम्हांस संकोच वाटतो, व कां?

३. तुमच्या मंडळींत अशीं कोणतीं कामें आहेत, जीं आपण स्वतः मोजून योजूं शकतों, तरी तीं दुसऱ्यानें आयतीं करून द्यावीं म्हणून वाट पाहत बसतों?

४. आज दाराशीं उभें राहून आपल्या घरास किती खिडक्या आहेत व दार कोणीकडे आहे हें पाहा, आणि पुढील बैठकीस येण्यापूर्वीं तें वहींत खणांनीं मांडून आणा.